चौथं वजन

भाऊबीजेला आवडाबाईंनी दोन पाट मांडले. एकावर त्यांचे धाकटे भाऊ काकासाहेब बसले. पाचोडहून पहिल्या एस.टी.नं निघून ते नऊ वाजताच बजाजनगरला पोचले होते. दुसऱ्या पाटावर थोरल्या लेकाच्या, बद्रीनाथच्या प्रबंधाच्या पाच प्रती ठेवल्या होत्या. काळे पुठ्ठे, त्यांवर सोनेरी इंग्रजी अक्षरं. बाइंडरनं सणाचे दिवस असूनही काल संध्याकाळी हातात दिल्या होत्या. आवडाबाईंना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण लेकाची पाच वर्षं त्या पुठ्ठ्यांत बांधली आहेत एवढं त्यांना ठाऊक होतं.

भावाला ओवाळून झालं, अक्षता टाकून झाल्या. मग कुंकवात बोट बुडवून त्या दुसऱ्या पाटाकडे वळल्या.

"माय, त्याला कुंकू लावू नको!"

धाकटा बन्सी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की आवडाबाईंचं बोट तसंच थांबलं. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"कामून रे? इद्येला कुंकू लावायचं नाय तर मंग कशाला लावायचं?"

"डाग पडंल," बन्सी पुटपुटला. "विद्यापीठात द्यायच्यात त्या."

"भावजींचं बरोबर आहे, आत्याबाई," बद्रीनाथची बायको आशा म्हणाली. सगळा प्रबंध तिनंच टाइप केला होता, त्यामुळे डागाची धास्ती तिला इतरांपेक्षा जास्त. आवडाबाईंनी निमूटपणे ते बोट आपल्याच कपाळाला पुसलं. गेले तीन आठवडे घरात कुठंही कुंकू दिसलं की बन्सी तिथून उठून जायचा, आणि त्याचं कारण या घरात त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. बायकोलाही नाही, ती माहेरी गेली होती ते एका परीनं बरंच झालं होतं.

बैठकीतल्या लोखंडी कपाटाच्या दारावर आशानं पाच वर्षांपूर्वी एक कागद चिकटवला होता. एम.ई. मेकॅनिकल व्हायला काय काय लागतं त्याची ती यादी. कडा पिवळ्या पडल्या होत्या, चिकटपट्टी दोनदा बदलून झाली होती. घरी पाहुणा आला की ही यादी ऐकल्याशिवाय त्याला चहा मिळत नसे. काकासाहेबांनी ती वीसेक वेळा तरी ऐकली असेल, तरी पाटावरून उठता उठता ते म्हणाले, "वाच गं आशे. शेवटचं एकदा."

आशानं वाचली. प्रवेश परीक्षा, झाली. पहिल्या वर्षाचे सगळे विषय, झाले. त्यातल्या एकात नवरा दोनदा आपटला होता ते तिनं वाचलं नाही. दोन सेमिनार, झाले. एक निबंध कुठंतरी छापून यायला हवा, तो आला. समितीपुढं कामाची प्रगती दाखवणं, तीनदा झालं. प्रबंध बांधून तयार. आणि हे सारं विद्यापीठात दाखल व्हायचं ते प्रवेशापासून पाच वर्षांच्या आत. वर एक दिवस झाला तरी नाव रद्द. त्या पाच वर्षांतले आता बारा दिवस उरले होते.

"राहिलं गाइडच्या सहीचं सर्टिफिकेट आणि तोंडी परीक्षा," आशा म्हणाली. "सर जेवायला येणारेत. शेडमधलं मशीन एकदा डोळ्यांनी बघतील आणि सही करतील."

"एवढ्या खटपटीत माणूस आमदार झाला असता," काकासाहेब म्हणाले.

"आमदाराला फर्स्ट क्लास लागत नाही, मामा." बद्रीनाथ हसला. किती महिन्यांनी हसला. इंजिनिअरिंग कॉलेजात तो कंत्राटावर शिकवत होता आणि जूनपर्यंत फर्स्ट क्लासची एम.ई. हाती नसेल तर नेमणूक पुढं चालणार नाही असं पत्र त्याला मिळालं होतं. अडतिसाव्या वर्षी दुसरं कोण दारात उभं करणार? ते पत्र आल्यापासून त्याचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. आज मात्र दोन करंज्या उभ्यानंच खाऊन झाल्या होत्या. बन्सीला ते हसणं बघवेना.

"बरं, मला त्यो नायलॉनचा बुश दे," काकासाहेब म्हणाले. "आजच नेतो. उद्या कडबाकुट्टीला बसवतो. शेजारच्या कडूबाला न् पुंजारामला सांगून ठेवलंय, येत्या बाजारी या म्हणलं बघायला."

हे बोलताना त्यांनी उजवा हात पुढं केला. त्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढीच बोटं होती. कडबाकुट्टीचा आस ज्या गोल बुशांत फिरतो, ते बुश आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीनं झिजतात. झिजले की आस खेळायला लागतो आणि पातं एखाद्या दिवशी हिसका देतं. वीस वर्षांपूर्वी तसाच हिसका बसला आणि मधली तीन बोटं कडब्याबरोबर गेली. त्या दिवशी चाक फिरवत होता बद्रीनाथ, बापामागं मामाच्या घरी वाढलेला अठरा वर्षांचा भाचा. मामानं त्याला त्याबद्दल कधी एका शब्दानं बोल लावला नाही. बहुतेक म्हणूनच बद्रीनाथनं एम.ई.ला विषय घेतला तो कडबाकुट्टीच्या बुशाची झीज. कॉलेजातले लोक हसले होते. ओतीव लोखंड, गनमेटल आणि नायलॉन. प्रत्येकाचा बुश धुळीत चारशे तास चालवायचा आणि दर शंभर तासांनी मिलिग्रॅमपर्यंत वजन करायचं. सगळ्यांत स्वस्त नायलॉन, आणि प्रबंधाचा निष्कर्ष सांगत होता की सगळ्यांत टिकाऊही तोच.

"मामा, इतक्यात नका बसवू," बन्सी म्हणाला.

"कामून?"

बन्सी मागच्या दारानं शेडकडे निघून गेला.

शेड म्हणजे घरामागं पत्रे टाकून केलेली खोली. आत बन्सीचं कातकामाचं लेथ आणि त्याच्याशेजारी बद्रीनाथचं चाचणीचं मशीन. मशीन कसलं, एक मोटार, एक आस, वजन टाकायची दांडी आणि धूळ सोडायचा डबा. पण त्यातला प्रत्येक भाग बन्सीनं कंपनीतली पाळी संपवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर जागून, स्वतः कातला होता. दोघा भावांतला एकच पुढं शिकू शकणार होता तेव्हा बन्सी आपण होऊन आय.टी.आय.ला गेला होता. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. थोरल्याच्या डिग्रीत आपल्याही हाताचं काही आहे, हे त्याला पुरत होतं.

आणि त्याच हातानं घात केला होता.

खंडेनवमीला इथं वाळूजच्या कारखान्यांत मशीन चालत नाही. आदल्या दिवशी झाडूनपुसून, तेलपाणी करून, झेंडूची माळ घालून प्रत्येक यंत्राला विसावा द्यायचा. वर्षभर जे आपल्याला पोसतं त्याला एक दिवस हात जोडायचे, यात बन्सीला कधी काही चुकीचं वाटलं नाही. बद्रीनाथ त्या दिवशी आशाच्या माहेरी सोयगावला गेला होता. जाताना बजावून गेला होता, "बारा तास राहिलेत. चारशे भरेपर्यंत बुशाला हात लावू नको." पण आपल्या लेथला माळ घालायची आणि ज्याच्यावर भावाचं नशीब अडकलंय ते मशीन शेजारी बिनपूजेचं घरघरत ठेवायचं, हे बन्सीच्या जिवाला पटेना. त्यानं मशीन थांबवलं. बुश काढला, पाण्यानं धुतला, ताम्हणात ठेवला. आवडाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी मोठ्या भक्तिभावानं बुशावर ओतलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सकाळी बुश परत बसवेपर्यंत तो त्या पाण्यातच होता. आणि नोंदवहीत खंडेनवमीच्या तारखेपुढं बन्सीनं रोजच्यासारखंच लिहिलं, चालू. भावाचा शब्द मोडला हे त्याला कळायला नको, एवढाच विचार.

बद्रीनाथ परतला, बुश पेट्रोलनं धुतला, वाळवला आणि कॉलेजात नेऊन वजन केलं. पहिल्या तीन टप्प्यांत झीज आली होती चाळीस, अडतीस आणि एकेचाळीस मिलिग्रॅम. चौथ्या टप्प्यात आली सहा.

नायलॉन पाणी पितं. हे लेथवरच्या टर्नरला कुणी शिकवावं लागत नाही. ओल्या नायलॉनचा नवा बुश फुगून आसावर चढत नाही, तेव्हा तो आपसूक शिकतो. सहा हा आकडा ऐकला त्याच क्षणी बन्सीला समजलं होतं, झीज कमी झाली नव्हती, प्यालेल्या पाण्यानं बुशाचं वजन वाढलं होतं. पण बद्रीनाथनं त्याला भर अंगणात मिठी मारली होती. "घासून गुळगुळीत झालं की झिजायचंच थांबतं, बन्सी! कुणी पाहिलंच नव्हतं हे!" मग त्यावर त्यानं एकोणीस पानांचं प्रकरण लिहिलं. बन्सी रोज ठरवायचा, आज सांगू. रोज आशा आणखी दोन पानं टाइप करायची.

"काय झालंय तुला?" बद्रीनाथ शेडच्या दारात उभा होता.

बन्सीनं सांगितलं. एका दमात, लेथकडे बघत. आडपडदा ठेवला नाही.

बद्रीनाथनं आधी विचारलं ते अगदी मास्तरासारखं. "किती तास पाण्यात होता?"

"बावीस-तेवीस."

बद्रीनाथचे ओठ हलले. तो मनात हिशोब करत होता. हिशोब जुळला तेव्हा तो तिथंच मोटारीच्या खोक्यावर बसला.

"तुला कधी कळलं?"

"तू सहा म्हणलास तवाच."

"तीन आठवडे," बद्रीनाथ म्हणाला. "तीन आठवडे तू माझ्या ताटाला ताट लावून जेवलास, बन्सी."

त्यानं थोबाडीत मारली असती तर बन्सीला बरं वाटलं असतं. दारात एव्हाना काकासाहेब आणि आशा येऊन उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मग भावजी, आता तरी कशाला सांगितलं?" आशा पुढं येत म्हणाली. "दोन तासांनी सही झाली असती. परत चारशे तास म्हणजे सतरा दिवस. आपल्याकडे आहेत बारा. तुम्हाला बोज्याखालून सुटायचं होतं म्हणून तुम्ही तो यांच्या डोक्यावर ठेवलात."

ते खोटं नव्हतं, म्हणून बन्सीला फार लागलं.

"आशा खरं बोलती," काकासाहेब म्हणाले. "गप ऱ्हा, बन्सी. सहा का साठ, त्या सहीला काय फरक पडतो? डिग्री घरात येऊ दे. मी नाय बसवत त्यो बुश, झालं?"

"तुम्ही नाय बसवणार, मामा. पण यानं छापल्यावर दुसरा कोणी बसवील. टिकतो म्हणून बसवलेला बुश झिजंल, आस खेळायला लागंल, आन् त्याचं…"

काकासाहेबांचा उजवा हात नकळत उपरण्याखाली गेला. त्यांनी आशाकडे पाहिलं नाही, बन्सीकडेही नाही.

आवडाबाई सगळ्यांत शेवटी आल्या. "माह्या नारळाच्या पाण्यानं झालं का रे?" त्यांनी विचारलं. बन्सीनं मान खाली घातली, तेव्हा त्या समजल्या. "मंग सरांला मी सांगते. लेकरांचा गुन्हा नाय म्हणते."

"कुणी काही सांगू नका," बद्रीनाथ उठत म्हणाला. "सरांना जेवू द्या."

तो काय करणार आहे ते कुणालाच कळलं नाही.

सिद्दिकी सर शहागंजहून स्कूटरवर आले, नानखटाईचा खोका घेऊन. बद्रीनाथचे गाइड. उंच, पांढरी दाढी, बोलणं मराठीत सुरू करून दखनीत संपवायची सवय. दोन पुरणपोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या, आवडाबाईंना "अम्मा, बहोत खूब" म्हणाले. मग शेडमध्ये जाऊन मशीनचा आस हातानं फिरवून पाहिला, थरथर कुठंच नाही. "हौ, हाथ में हुनर है," ते बन्सीकडे बघून म्हणाले. एरवी त्या शब्दांवर बन्सीनं महिना काढला असता. आज तो भिंतीशी सरकला.

बैठकीत परतून सरांनी वरची प्रत उघडली. सर्टिफिकेटच्या समोरच्या पानावर उमेदवाराची प्रतिज्ञा होती; खाली बद्रीनाथची कालची सही. सरांची सवय अशी की स्वतः सही करण्याआधी ते हे पान मोठ्यानं वाचत. या प्रबंधातली सर्व निरीक्षणं माझ्या देखरेखीखाली घेतलेली आणि खरी आहेत, असं त्यांनी वाचलं आणि पेनाचं टोपण काढलं.

आशानं डोळे मिटले. काकासाहेब छताकडे बघत होते. बन्सीचं सगळं लक्ष त्या पेनाच्या टोकाकडे होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यालाही वाटलं की होऊ दे, उमटू दे सही, सुटू दे सगळे.

"सर, सही करू नका," बद्रीनाथ म्हणाला. "चौथं वजन चुकीचं आहे. मी मशीन मध्येच थांबवलं होतं. बुश पाण्यात राहिला."

"खोटंय सर," बन्सी पुढं आला. "ह्यो गावाला होता. मी थांबवलं. खंडेनवमी होती."

"पाणी मी वतलं," आवडाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

सर तिघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "अरे मियाँ, एक मशीन को कितने लोगों ने रोका?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. "नोंदवही आणा."

नोंदवही आली. खंडेनवमीच्या तारखेपुढचं 'चालू' सरांनी बोटानं दाखवलं आणि वही बन्सीपुढं ठेवली. "खोडायचं नाही. खाली आजची तारीख टाका आणि जे केलं ते लिहा. तुमच्या हातानं."

बन्सीनं लिहिलं. मशीन थांबवलं. बुश धुतला. पूजा केली. नारळाचं पाणी. अक्षर शाळेतल्या पोरासारखं वाकडंतिकडं आलं.

"आता ऐक," सर बद्रीनाथला म्हणाले. "नायलॉनचे तीनशे तास खरे आहेत, तेवढे राहतील. चौथं वजन जाईल. ते एकोणीस पानांचं प्रकरण जाईल. निष्कर्ष नव्यानं. बारा दिवसांत लिहून आण, मी सही करतो. पास तो हो जाओगे."

"आणि फर्स्ट क्लास?" आशानं विचारलं.

सरांनी नोंदवही मिटली. "बेटा, परीक्षक बाहेरून येतो. तो म्हणेल, एक काम अर्धवट आहे. खरंच आहे ना अर्धवट? मी त्याला काय सांगू?" मग खाली बघत म्हणाले, "जून का मैं कुछ नहीं कर सकता."

खोटा दिलासा त्यांनी दिला नाही. स्कूटर सुरू करताना मात्र बद्रीनाथच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

सर गेले. आशा कपाटाजवळ गेली आणि यादीतल्या 'प्रबंध तयार' यापुढची खूण तिनं खोडली. खोडताना कागद फाटला, तशी ती कपाटाच्या दाराला कपाळ टेकून रडली. आवडाबाई तिच्याजवळ जायला निघाल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या. आपल्या हातानं आज आणखी कुणाला शिवावं की नाही, याचीच त्यांना भीती वाटत होती.

"बद्री," काकासाहेब म्हणाले. "चारशे तासाला सतरा दिस लागत्यात?"

"व्हय, मामा."

"आन् तुह्याकडं हायेत बारा."

"व्हय."

"मंग ते बारा तुह्या कागदाला ठेव. सतरा दिस मशीन माह्यासाठी चालव. डिग्रीसाठी नाय. त्यो बुश खरा किती टिकतो, ते मला पाह्यचंय." उजवा हात त्यांनी उपरण्याखालून बाहेर काढला होता. "सकाळी मी तुला गप ऱ्हा म्हणलो, बन्सी. ते मनात ठेवू नको."

बन्सी उठला. सुरुवातीलाच वजन करून कागदात बांधून ठेवलेला जोडीचा बुश फळीवर होता. त्यानं हात साबणानं धुतले, कोरड्या फडक्यानं पुसले आणि बुश आसावर चढवला. बद्रीनाथनं दांडीवर वजन टाकलं. पाना लागला तेव्हा न मागता थोरल्यानं तो धाकट्याच्या हातात दिला. डोळे पुसून आशाही येऊन उभी राहिली. तिच्या हातात नोंदवही होती.

आवडाबाई उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या होत्या. कुंकवाचा करंडा त्यांनी पदराखाली धरला होता, चोरल्यासारखा.

बद्रीनाथनं त्यांना पाहिलं. "माय, ये आत," तो म्हणाला. "मोटारीच्या पत्र्याला लाव. बुशाला नको."

त्या आल्या. कुंकवाचं बोट पत्र्याला टेकवलं आणि झटकन मागं सरल्या. बन्सीनं खटका दाबला. मशीन घरघरू लागलं, धुळीचा डबा हलू लागला. आशानं वही उघडून पुढं केली आणि बन्सीनं लिहिलं, भाऊबीज, नवा बुश, शून्य तास. थोडा थांबून त्यानं पुढं लिहिलं, पूजा केली, फक्त पत्र्याला.

बद्रीनाथनं ती ओळ वाचली, पेन मागून घेतलं आणि तिच्याखाली सही केली.